छब्बीस जागांत पोरं किती, जुनेजाणते किती? (ओरिओल्स २०२५ च्या निमित्ताने)

चेसापीककर

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सने २०२१ मध्ये ११० सामने गमावले. दोनच वर्षांत, २०२३ ला, १०१ जिंकले. अ‍ॅडली रचमन, गनर हेंडरसन, मग जॅक्सन हॉलिडे, सगळी घरची, क्लबनेच घडवलेली पोरं. २०२४ ला ९१ विजय. आणि २०२५ मध्ये ७५ विजय, ८७ पराभव, मे महिन्यात मॅनेजर ब्रँडन हाइडला नारळ.

पोरं तीच होती, मग बिघडलं काय? माझं मत असं की जुनेजाणते कमी पडले. २६ च्या संघात निदान दहा जण तिशी ओलांडलेले, आठ-दहा सीझन पचवलेले हवेत. पोरांचा फॉर्म गेला की सावरायला कोणीतरी लागतं. जाणकारांनी आकड्यांसह मत द्यावं.

शून्य_आउट

छान धागा! पण मूळ मुद्दाच पटला नाही. जुनेजाणते कमी कुठे पडले? पिचर (चेंडू टाकणारा) चार्ली मॉर्टन ४१ वर्षांचा, दीड कोटी डॉलर. टोमोयुकी सुगानो ३५ चा, एक कोटी तीस लाख. काइल गिब्सन ३७ चा. बदली कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू पकडणारा) म्हणून गॅरी सांचेझला ८५ लाख. वय भरपूर घेतलं होतं हो, उपयोग किती झाला ते बघा.

नवखा_प्रेक्षक

क्रिकेटवाल्या माणसाचा प्रश्न. २६ चा संघ म्हणजे काय? आणि बातम्यांत ४० जणांचं काहीतरी असतं, ते मध्येच कुठून येतात? अकरा आणि एक बारावा, एवढंच आपल्याला ठाऊक.

कागदपत्र

@नवखा_प्रेक्षक, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून सविस्तर.

सामन्याला उपलब्ध असतात ते २६. त्यात पिचर जास्तीत जास्त १३. सप्टेंबरपासून २८, त्यात पिचर १४. क्लबने ज्यांच्यावर हक्क राखून ठेवलाय ते ४०. या ४० पैकी जे २६ मध्ये नाहीत ते मायनर लीगमध्ये (खालच्या पायरीवर) खेळतात किंवा जखमींच्या यादीत असतात. ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकलेला माणूस ४० मध्ये मोजत नाहीत, तेवढी एक जागा मोकळी होते.

आता खरी मेख. ४० मधल्या पोराला खाली पाठवायचं तर त्याच्याकडे 'ऑप्शन' शिल्लक हवा. असे तीन सीझन मिळतात. एका सीझनमध्ये मिळून २० दिवस खाली काढले की एक ऑप्शन खर्ची पडला. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारापासून एका सीझनमध्ये फक्त पाच वेळा खाली धाडता येतं. खाली गेलेला बॅटर दहा दिवस आणि पिचर पंधरा दिवस परत बोलावता येत नाही, अपवाद मुख्यतः कोणी जखमी झालं तर.

ऑप्शन संपले की त्या खेळाडूला वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या २९ क्लबांपैकी कोणीही उचलू शकतो. आणि ज्याची मेजर लीगमध्ये पाच वर्षं भरली त्याला त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवताच येत नाही. तो नाही म्हणाला तरी पगार पूर्ण द्यायचा.

म्हणून चेसापीककरांचा 'दहा जुनेजाणते' हा हिशोब वयाचा नाही. दहा जुनेजाणते म्हणजे दहा न हलणाऱ्या जागा.

नवखा_प्रेक्षक

आत्ता उजेड पडला. धन्यवाद! म्हणजे जुना भाडेकरू आणि पागडीचं घर.

शून्य_आउट

@नवखा_प्रेक्षक 😄 अगदी तसंच. भाडं मात्र इथे घरमालक भरतो.

डावखुरी

पिचिंगचा मुद्दा वेगळा काढून बोलायला हवं. ओरिओल्सचं २०२५ तिथेच बुडालं.

१६२ सामने. सुरुवातीचा पिचर हल्ली सरासरी पाच-सव्वापाच इनिंग टाकतो. म्हणजे सीझनला साधारण ८४०-८५० इनिंग सुरुवातीच्या पिचर्सकडून हव्यात. पाच जण ठरवले आणि तेच पाच सप्टेंबरपर्यंत टिकले असं होत नाही. दहा-बारा जण लागतात. त्यामुळे 'रोटेशन (आलटून पालटून सुरुवात करणारे पाच पिचर) कशी आहे' याआधी 'सहावा ते दहावा कोण' हे विचारायचं असतं.

ओरिओल्सकडे काय होतं? कॉर्बिन बर्न्स २०२४ साठी व्यापारात (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आणला, सीझन संपताच फ्री एजंट (कोणत्याही क्लबशी करार करायला मोकळा) होऊन सहा वर्षांच्या २१ कोटींवर अ‍ॅरिझोनाला गेला. काइल ब्रॅडिश आणि टायलर वेल्स २०२४ च्या कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होते. ग्रेसन रॉड्रिग्ज मार्चमध्ये बसला तो अख्खा सीझन. झॅक एफ्लिन एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जखमी. म्हणजे जे सातवे-आठवे म्हणून ठीक होते ते दुसरे-तिसरे झाले.

गिब्सनचं उदाहरण प्रत्येक क्लबने भिंतीवर लावावं. करार झाला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. सुरुवातीच्या पिचरला हात तयार करायला पाच-सहा आठवडे लागतात. पहिल्या वेळी दोन इनिंग, तीस-पस्तीस चेंडू, मग दर पाच दिवसांनी पंधरा-एक चेंडू वाढवत ८५-९० पर्यंत. तो एप्रिलभर मायनरमध्ये हात तयार करत होता. २९ एप्रिलला यँकीज समोर. ग्रिशम होम रन, जज होम रन, राइस होम रन. पहिल्या तीन बॅटर्सचे तीन. चार सामन्यांत त्याचा करार संपला.

आधी निवांतपणे ठरवून घेतलेला जुनाजाणता वेगळा आणि भोक पडल्यावर बूच म्हणून आणलेला वेगळा. सुगानो तरी तीस सामने उभा राहिला. देखणं काही नव्हतं, पण तीस वेळा बॉल हातात घेतला. मला तरी त्याची किंमत मोठी वाटते.

चेसापीककर

@डावखुरी, गिब्सनचं मान्य. पण मग २० एप्रिलचा सिनसिनाटीविरुद्धचा २४-२ असा पराभव आठवून बघा. मॉर्टन तिसऱ्या इनिंगमध्ये बाहेर, शेवटी बॅटर्सना पिचिंग करावं लागलं. तिथे ताजे हात का आणले नाहीत?

कागदपत्र

कारण बुलपेनमध्ये (सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या रिलीव्हर्समध्ये) ऑप्शनवाले हात किती, यावर ते अवलंबून असतं.

बुलपेनमध्ये आठ जण. आठही जण ऑप्शन संपलेले किंवा पाच वर्षं भरलेले असतील, तर एखादा सामना असा लांबला किंवा फुटला की दुसऱ्या दिवशी ताजा माणूस आणायला कोणालातरी कायमचं गमवावं लागतं. डीएफए केलं (४० मधून काढलं) की सात दिवसांत व्यापार, वेव्हर, नाहीतर सोडणं. म्हणून जाणते क्लब आठपैकी दोन-तीन जागा मुद्दाम ऑप्शनवाल्या पोरांसाठी ठेवतात. आज दोन इनिंग टाकली, ३५ चेंडू झाले, उद्या तो ट्रिपल-ए ला (मायनरच्या सगळ्यात वरच्या पायरीवर), तिथून दुसरा वर. पण पाच वेळांची मर्यादा आणि पंधरा दिवसांचा नियम यामुळे दोन जागा फिरवायला पाच-सहा पोरं लागतात. तेवढी ४० मध्ये बसवायची म्हणजे बॅटर्सच्या बाजूला हात आखडता.

पीचट्री

सगळे मार्चबद्दलच, म्हणजे सीझनआधीच्या खरेदीबद्दलच बोलताय. जुनेजाणते मार्चमध्ये घ्यायचेच कशाला? सीझनच्या मध्यावर, जुलैमध्ये घ्या.

अटलांटा २०२१. १० जुलैला रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा गुडघा गेला, सीझन संपला. तेव्हा संघ निम्मे जिंकत, निम्मे हरत होता. महिनाअखेरीपर्यंत चार आउटफिल्डर आणले: जॉक पीडरसन, अ‍ॅडम डुव्हॉल, होर्हे सोलेर, एडी रोसारिओ. कोणीही स्टार नव्हता. रोसारिओ तर तेव्हा जखमी होता, आणि त्याच्या बदल्यात दिला पाब्लो सँडोव्हाल, ज्याला क्लीव्हलँडने लगेच मोकळं केलं. वरच्या फळीतलं एकही पोर हातचं गेलं नाही. ८८ विजयांवर प्लेऑफ, आणि वर्ल्ड सिरीज. रोसारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी, सोलेर वर्ल्ड सिरीजचा.

मार्चमध्ये माहीत नसतं कुठे भोक पडणार. जुलैत दिसतं. तोपर्यंत पोरांना खेळू द्या.

शून्य_आउट

+१. आणि अटलांटाने पोरांना आधीच बांधून घेतलं होतं हेही सांगा. अकुन्या २०१९ मध्ये आठ वर्षं दहा कोटी, ऑझी अल्बीज सात वर्षं साडेतीन कोटी. तिथे पैसा वाचला म्हणून इतरत्र लवचिकता आली.

डावखुरी

@पीचट्री, आउटफिल्डर जुलैत मिळतात हो. सुरुवातीचा पिचर जुलैत घ्यायला गेलं की समोरचा क्लब तुमचं सगळ्यात चांगलं पोरगं मागतो. बॅटरचं गणित पिचरला लावू नका. शिवाय मेपर्यंत तुम्ही दहा-बारा सामने मागे पडलात तर जुलैत तुम्ही विकणारे असता, घेणारे नाही. ओरिओल्सचं तेच झालं. मॉर्टन, सेड्रिक मलिन्स, रायन ओहर्न, रामोन लॉरियानो सगळे जुलैअखेर गेले.

मास्क_आणि_मिट

कॅचरबद्दल कोणीच बोललं नाही, आणि जुन्या माणसाची खरी कमाई तिथे असते.

पहिला कॅचर ११०-१२० सामने पकडतो. उरलेले पन्नासेक दुसऱ्याचे. दुसरा कॅचर तरुण प्रॉस्पेक्ट (होतकरू पोरगा) ठेवला तर त्याला आठवड्याला एक-दोन सामने आणि सहा-सात बॅटिंगच्या संधी. एकविशीच्या पोराची त्यात वाट लागते, टायमिंग जातं. तिथे मुरलेला माणूस हवा, ज्याला कमी खेळायची सवय आहे आणि जो बाकीचा वेळ पिचरबरोबर व्हिडिओ बघतो. आता पिच क्लॉक आहे: बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू असताना १८. पिचकॉमवर (कॅचर-पिचरच्या इलेक्ट्रॉनिक इशाऱ्याच्या यंत्रावर) चेंडू सांगायला फार विचार करत बसता येत नाही. समोरच्या बॅटरला मागच्या दोन वेळी काय टाकलं होतं ते आधीच डोक्यात हवं.

ओरिओल्सकडे २०२३-२४ ला जेम्स मकॅन होता. २९ जुलै २०२४, टोरोंटोविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने. पहिल्यातच ९५ मैलांचा चेंडू थेट नाकावर. रक्ताची धार. नाकात बोळे घातले, जर्सी बदलली, आणि पूर्ण सामना पकडला. तो बाहेर गेला असता तर रचमनला दोन्ही सामने पकडावे लागले असते. त्याची बॅटिंग सामान्य होती. पण बाकावरची दुसरी जागा म्हणजे काय हे त्या दिवशी दिसलं.

नवखा_प्रेक्षक

बाप रे. हा व्हिडिओ शोधतोच.

पीचट्री

@मास्क_आणि_मिट, अनुमोदन. पण मग हाच न्याय सगळ्या बाकाला लागू होतो ना?

मास्क_आणि_मिट

होतोच. तेच म्हणायचं होतं. तेरा बॅटर्स, त्यात डीएच (फक्त बॅटिंग करणारा) धरून नऊ खेळणारे, चार बाकावर. दुसरा कॅचर, इनफिल्डमध्ये तीन जागा सांभाळणारा, चौथा आउटफिल्डर, आणि एखादा फक्त डावऱ्या किंवा फक्त उजव्या पिचरसमोरचा बॅटर. रोज खेळणाऱ्याला सीझनला ६००-६५० वेळा बॅट हातात मिळते, बाकावरच्याला दीडशे ते अडीचशे. पोरगं बाकावर बसवणं हा दुहेरी तोटा: वर तो शिकत नाही आणि ट्रिपल-ए मधल्या रोजच्या चार संधीही जातात. ओरिओल्सने कोबी मेयो आणि हेस्टन कर्स्टाडला २०२४ मध्ये असंच वर-खाली केलं. आठवडाभर वर, दोन सामने खेळवले, परत नॉरफोक, म्हणजे ओरिओल्सचा ट्रिपल-ए संघ.

चेसापीककर

पण हॉलिडेला तर रोज खेळवला होता, एप्रिल २०२४ ला. ३४ वेळांत दोन हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). दोन आठवड्यांत परत खाली. तेव्हा त्याच्याशेजारी एखादा जुना दुसऱ्या बेसवाला असता तर?

कागदपत्र

खाली पाठवलं हेच बरोबर केलं. ट्रिपल-ए मध्ये यंत्राने स्ट्राइक ठरवण्याचा प्रयोग चालू होता, तिथला स्ट्राइकचा झोन आणि वरचा झोन एक नव्हता. खाली भरपूर वॉक (चार खराब चेंडूंवर फुकटचा पहिला बेस) मिळवणारा पोरगा वर आला की काठावरचे चेंडू स्ट्राइक ठरतात आणि तो सतत दोन स्ट्राइक मागे राहतो. शिवाय वेगवान आतला चेंडू. खाली जाऊन दुरुस्ती केली, ३१ जुलैला परत आला आणि कारकिर्दीतला पहिला होम रनच ग्रँड स्लॅम (बेस भरलेले असताना मारलेला). खाली जायची वाट मोकळी होती म्हणून हे जमलं. त्या जागेवर ऑप्शन नसलेला कोणी अडकला असता तर नसतं जमलं.

शून्य_आउट

सर्व्हिस टाइमचा (मेजर लीगमध्ये भरलेल्या दिवसांचा) विषय निघालाच पाहिजे. पोरं उशिरा वर येतात ती काय फक्त कच्ची असतात म्हणून?

१७२ दिवस म्हणजे एक वर्ष. सहा वर्षं झाली की फ्री एजंट. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये १७ एप्रिलला आणलं, त्याचे भरले १७१. एका दिवसाने क्लबला आणखी एक सीझन मिळाला. ब्रायंटने तक्रार केली, २०२० मध्ये हरला.

कागदपत्र

@शून्य_आउट, ते २०२२ च्या कराराने बरंच बदललं. रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात पहिल्या दोनांत आला तर पोराला पूर्ण वर्ष मिळतं, केव्हाही आणला तरी. रचमन २१ मे २०२२ ला आला, दुसरा आला, वर्ष मिळालं. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचं २०२४ मध्ये तेच. उलट नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला पहिल्या दिवसापासून ठेवलं आणि तो रूकी ऑफ द इयर झाला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) जादा निवड मिळते. सिअ‍ॅटलला हुलिओ रॉड्रिग्जसाठी मिळाली, अ‍ॅरिझोनाला कॉर्बिन कॅरलसाठी, ओरिओल्सला हेंडरसनसाठी.

आणि सॅम्युएल बसायोचं बघा. १७ ऑगस्ट २०२५ ला वर आणला. सीझन २८ सप्टेंबरला संपला. दिवस मोजा: ४३. पंचेचाळीसच्या वर गेले असते तर रूकीपण गेलं असतं. तारखा उगाच पडत नाहीत.

डावखुरी

आणखी एक व्यवहारातली गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. 'ट्रिपल-ए मध्ये जुनेजाणते साठवून ठेवू, लागले की आणू' असं वाटतं. तसे ते राहत नाहीत. सहा वर्षं भरून फ्री एजंट झालेल्याने मायनरचा करार केला तर त्याला ठरलेल्या तारखांना निघून जायचा हक्क असतो: सीझनच्या पाच दिवस आधी, १ मे, १ जून. २६ मध्ये घ्या नाहीतर सोडा. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात क्लबांच्या कार्यालयात एवढी धावपळ असते. राखीव जुनाजाणता हा नाशवंत माल आहे.

पीचट्री

म्हणजे आंब्याची पेटी. वेळेत उघडली तर उघडली.

नवखा_प्रेक्षक

मग याला उत्तर नाहीच का? जिंकणाऱ्यांचं काय असतं?

मास्क_आणि_मिट

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचे शेवटचे तीन सामने पुन्हा बघा. पाचव्यात टोरोंटोचा ट्रे येसावेज, २२ वर्षांचा, त्याच सीझनची सुरुवात सिंगल-ए ला केलेला. डॉजर्सच्या मैदानावर सात इनिंग, १२ स्ट्राइकआउट, एकही वॉक नाही. सातव्यात त्याच संघाचा सुरुवातीचा पिचर मॅक्स शर्झर, ४१. आणि डॉजर्सना वाचवलं कोणी? मिगेल रोहास, ३६. नवव्या इनिंगमध्ये एक आउट असताना बरोबरी करणारा होम रन, आणि त्याच इनिंगच्या खालच्या अर्ध्यात बेस भरलेले असताना तोल जाता जाता होम प्लेटला फेक. त्या पोस्टसीझनमध्ये तो बहुतेक काळ बाकावर होता. रोज खेळायचा हट्ट नाही, खेळवला की तयार. हे पंचविशीच्या पोराकडून मागता येत नाही, त्याने मागूही देऊ नये.

चेसापीककर

माझा 'दहा' हा आकडा मागे घेतो. माणसं मोजत होतो, जागा मोजायला हव्या होत्या.

पुन्हा मांडून बघतो. रोजच्या नवांत घरची पाच-सहा पोरं, खेळवायची तर रोज, नाहीतर खाली. बाकाच्या चारपैकी तीन जागा मुरलेल्यांच्या. रोटेशनमध्ये दोन जुने, पण करार जानेवारीच्या आत, म्हणजे पूर्ण सराव शिबिर मिळेल. सहावा ते नववा ऑप्शनवाले, ट्रिपल-ए मध्ये सुरुवातीचे पिचर म्हणूनच. बुलपेनमध्ये दोन-तीन हलत्या जागा. एक-दोन बॅटर जुलैवर सोडायचे.

चुकलं का काही?

डावखुरी

रोटेशनमध्ये दोन जुने ठीक, पण दोघेही पस्तिशीपुढचे नकोत. एक तिशीच्या आसपासचा, दीडशे इनिंग सलग दोन सीझन टाकलेला. आणि तरुण पिचरच्या इनिंग वर्षाला वीस-तीसहून जास्त वाढवू नका, म्हणजे सप्टेंबरसाठी कोणीतरी वेगळं लागणार हे आत्ताच धरा.

कागदपत्र

आणि ४० मध्ये नोव्हेंबरला जागा ठेवा. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्यांना पाच सीझननंतर आणि एकोणिसाव्या किंवा नंतरच्यांना चार सीझननंतर ४० मध्ये घेतलं नाही, तर रूल ५ ड्राफ्टमध्ये कोणीही एक लाख डॉलरला उचलतो. अँथनी सँटँडर ओरिओल्सला क्लीव्हलँडकडून असाच मिळाला, आणि २०२४ मध्ये ४४ होम रन. ज्या चाळिसाव्या जागेवर सहावा रिलीव्हर ठेवला जातो तिची किंमत कधीकधी एवढी असते.

शून्य_आउट

सगळं बरोबर, पण चेसापीककर, आता पीट अलोन्सो पाच वर्षांसाठी पहिल्या बेसवर आलाय. मेयो त्याच बेसवरचा. बसायो कॅचर, नाहीतर डीएच. मग मेयोला कुठे खेळवणार?

चेसापीककर

तिसऱ्या बेसवर हात पुरेसा चालत असेल तर तिथे, आठवड्याला पाच दिवस. नसेल तर नॉरफोकला रोज चार वेळा बॅटिंग, किंवा सरळ पिचरच्या बदल्यात व्यापार. बाकावर नाही. अलोन्सोच्या मागे बसवून ठेवला तर जूनपर्यंत त्याची व्यापारातली किंमतही अर्धी होईल.

डावखुरी

पिचरच्या बदल्यात म्हणालात तर करार किती वर्षांचा उरलाय ते आधी बघा. बर्न्ससारखा एका सीझनचा नको.